बरगे आधी काढा, बोटुकली मग सोडा: नदीत मत्स्यबीज सोडणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

मान्यवर साहेब,

सप्रेम नमस्कार.

१० जुलैला तुमची गाडी कर्नाटकातल्या आमच्या गावच्या घाटावर आली तेव्हा मी तिथंच होतो. दूधगंगा दोन्ही थड्या भरून, पाचट आणि फांद्या घेऊन चालली होती. ड्रायव्हरनं खिडकीतून हाक दिली, 'मीन मरी बंदावरी!', म्हणजे माशांची पिल्लं आली हो, आणि पोरं धावली. ऑक्सिजन भरलेल्या टम्म पिशव्या उतरल्या. फलक बांधला, पाहुणे पायऱ्यांवर उभे राहिले, फोटो झाले, आणि पिशव्यांची तोंडं कात्रीनं कापून सगळं बीज थेट पुरात ओतलं. वीस मिनिटांत गाडी परत फिरली.

पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार झालं की नदीचं थोडं थोडं पाणी आत घ्यायचं, मग पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्यायचं. मत्स्यशेतीच्या कुठल्याही पुस्तिकेत हे सुरुवातीलाच असतं. घाटाच्या कोपऱ्यात धार लागत नव्हती, तिथलं ओंजळभर पाणी मी उचललं. अकरा पिल्लं होती. त्यातली चार उताणी. जी तगली ती त्या लोंढ्यात कृष्णेला आणि तिथून अलमट्टीकडे गेली असणार. तिकडच्या भोयांना मिळाली तर आनंदच आहे, पण मग घाटावरचा फलक तरी तिकडे लावायला हवा होता.

बातमीत आकडा लाखांत आला. त्या आकड्यामुळेच हे पत्र लिहायला बसलो.

मी कोण, ते सांगतो. चौतीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. वडील भोई. पूल होण्याआधी ते नाव चालवायचे, उरलेल्या वेळात कांडाळी, म्हणजे माशांची जाळी, लावायचे. माझी शाळेची फी मरळ आणि वाम विकून भरलेली आहे. धाकटा पुतण्या अजून मासेमारीवरच आहे, शिवाय एका शेततळ्यात त्यानं कटला-रोहू पाळलेत. तेव्हा कटला-रोहूशी माझं भांडण आहे असं कृपा करून समजू नका. भांडण आहे ते सगळ्या माशांना एकाच मापानं मोजण्याशी.

मासा म्हणजे मासा नव्हे, साहेब. कोण किती दिवसांत वाढतो, कधी अंड्यावर येतो, किती अंडी घालतो, त्यांतली जगतात किती, हा प्रत्येकाचा प्रपंच वेगळा आहे. बीज कुठलं सोडायचं, जाळं केवढ्या आसाचं, म्हणजे केवढ्या भोकाचं, वापरू द्यायचं, बंदी कधी ठेवायची, हे सगळं त्या प्रपंचावर ठरायला हवं. आमच्याकडे ते पिशव्यांच्या संख्येवर ठरतं.

चिलापी, म्हणजे तिलापिया, घ्या. १९५२ साली ती आपल्या देशात आणली गेली. तिला पूर लागत नाही की चढण, म्हणजे धारेच्या उलट वर जाणं, लागत नाही. तीन-चार महिन्यांत अंड्यावर येते, अंडी थोडी घालते, शेकड्यांत, पण मादी ती तोंडात धरून उबवते. पिल्लं फुटल्यावरही धोका दिसला की आईच्या तोंडात परत शिरतात. मागे बाजारात एका बाईनं चिलापी चिरायला घेतली आणि तिच्या तोंडातून राईएवढी जिवंत पिल्लं पाटावर सांडली. ती बाई 'अगं बया!' म्हणून सुरी टाकून उठली. अशा माशाला तळ्यात एकदा सोडलं की पुन्हा सोडावं लागत नाही, तळंच तिचं होतं. गर्दी झाली की वाढ खुंटते आणि सगळी तळहाताएवढीच राहतात. काटे जास्त, मांस कमी.

मरळीची तऱ्हा आणखी वेगळी. ती वरचेवर पाण्यावर येऊन हवेतला श्वास घेते, त्यामुळे आटत आलेल्या डबक्यातही तगते. अंडी काही हजारच, पण नर-मादी दोघं पहारा देतात. पावसाळ्यात ओढ्याच्या कडेला, पाणवनस्पतीत, तांबड्या पिल्लांचा गोळा पाण्यावर उकळल्यासारखा वर-खाली होताना दिसतो, आणि त्याच्या खाली हातभर अंतरावर काळसर आकृती स्थिर उभी असते. त्या वेळी गळ टाकला तर मरळ हमखास धावून येते, भुकेनं नव्हे, रागानं. म्हणूनच वडील तेव्हा गळ टाकू द्यायचे नाहीत. 'बाळंतिणीच्या खोलीत शिरत न्हाईत,' म्हणायचे. त्यांचं ऐकलं नाही अशी एक दुपार माझ्याही खात्यावर आहे. आठवीत होतो. मरळ काढली, गोळा तिथंच राहिला. संध्याकाळी पाहिलं तर निम्मासुद्धा नव्हता, खवल्या माशांनी आणि बेडकांनी उरकला होता.

आता रोहूच्या कुळातले मासे. हे पहारा देत नाहीत की काही नाही. पुराच्या पाण्यात नर-मादी जमतात, अंडी सोडतात आणि निघून जातात. म्हणून अंडी अफाट. आमचा तांबर याच कुळातला, खास दक्षिणेकडच्या नद्यांचा. कन्नडमध्ये त्याला केम्मीनु म्हणतात. दोन्ही भाषांना आधी दिसला तो त्याचा तांबडेपणाच, हे मला फार आवडतं. एकदा दीड किलोच्या तांबराची गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, मी शाळेत नेली. प्रयोगशाळेच्या तराजूत एक ग्रॅम तोलून मुलांकडून दाणे मोजून घेतले. चार गटांचे चार आकडे आले, पण सगळे हजारावर. गाभोळी पाव किलोची होती, म्हणजे अडीच लाखांच्या घरात. पोरं म्हणाली, मग सर, नदी माशांनी भरून का जात नाही? मी फळ्यावर हिशेब मांडला. नदीतले तांबर वाढलेही नाहीत आणि घटलेही नाहीत असं धरा. मग एका जोडीनं आयुष्यभर घातलेल्या लाखो अंड्यांतून आईबापाची जागा घ्यायला सरासरी दोनच जगतात. बाकीची पाण्यात, चिखलात, दुसऱ्यांच्या पोटात जातात. ही दोन जगतील की एक, एवढ्यावर त्या माशाचं पुढचं सगळं ठरतं.

साहेब, तुमचं लाख बीज या गणितात कुठं बसतं ते तुम्हीच पाहा. बोटुकली, म्हणजे बोटाएवढं वाढलेलं पिल्लू, चांगली हातभर नको, पण १०० मिलिमीटरच्या आसपास तरी हवी, तेव्हा ती मोठ्या जलाशयात शिवडा आणि शिंगाळ्यासारख्या खादाडांच्या तावडीतून वाचण्याची काही आशा. घाटावर ओतलेली पिल्लं माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी होती. वाढ, तग आणि वीण या तीनपैकी एकाही गोष्टीचा विचार न करता फक्त पिशव्या मोजल्या की असं होतं.

आणि तारीखही कुठली निवडलीत! १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुळला डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या, म्हणजे रोहूच्या कुळातल्या, माशांना अंड्यावर आणलं, म्हणून तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. ही टोचणी का लागली? कारण कटला, रोहू, मृगल साठलेल्या पाण्यात अंडीच घालत नाहीत. त्यांना वाहतं पाणी, पहिला पूर, चढण लागते. ज्या शोधाचा तुम्ही फलक लावता, तो शोध सांगतो की पुराची वाट मोकळी ठेवा. इथं मुख्य तक्रारीवर येतो.

आमच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लोखंडी फळ्या, यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी चढलं तरी काढलेले नव्हते.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दूधगंगा आणि वेदगंगेवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड ही नावं पुराच्या बातम्यांत दर पावसाळ्यात वाचता ना, तेच. दिवाळीच्या सुमारास खांबांमधल्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवतात, पावसाळ्याआधी काढतात. उसासाठी हे पाणी हवंच, माझाही अर्धा एकर त्यावरच आहे. पण मृगाच्या पाण्याबरोबर तांबर, लोळी, शिवडा, कोळस, खवल्या असा सगळा मेळा धारेच्या उलट निघतो, वरच्या ओढ्यांत आणि पाण्याखाली गेलेल्या शेतांत अंडी घालायला. हाच चढणीचा मासा. त्याला दिवस थोडे मिळतात. बरगे घातलेले असले की तो तिथंच अडतो.

यंदा मी तीन संध्याकाळी बंधाऱ्यावर उभा होतो. मासे बरग्यांवर आदळत होते. उडी घ्यायचे, लोखंडावर आपटायचे, खाली पडायचे, पुन्हा उडी. खाली टोपल्या, साड्या, मच्छरदाण्या घेऊन निम्मं गाव उभं. मी नावं ठेवत नाही, माझ्याही घरी त्या रात्री गाभोळी शिजली. पण एकेका माशाचं पोट दाबलं की पिवळी अंडी बाहेर येत होती, आणि त्याच नदीत महिनाभरानं सरकारी पिशव्यांतून बीज येणार होतं. त्या तीन संध्याकाळी टोपल्यांत गेलेल्या अंड्यांच्या पुढं तुमच्या पिशव्या किती, हे वरच्या हिशेबानं कुणीही काढावं. बरगे काढायचे मजूर आले ते चौथ्या दिवशी, तेव्हा पाण्याच्या जोरानं ते निघेनात.

विचारायला गेलो तर कळलं की बरगे एका खात्याचे, मासे दुसऱ्याचे. माशाला हे कोण समजावणार?

जाळ्यांचंही असंच. शंभर ग्रॅमची चिलापी आजी झालेली असू शकते, आणि किलोचा कटला अजून शाळकरी असतो, कारण तो दोन वर्षांचा झाल्याशिवाय सहसा अंड्यावर येत नाही. चिलापी काढायला बारीक आस लावला की त्यात शाळकरी कटला, तांबर सगळे येतात. मी निवृत्तीआधीपासून खवल्यांची एक वही ठेवली आहे. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात. आपल्या उष्ण पाण्यात ती थंड देशांतल्यासारखी स्पष्ट नसतात, तेव्हा हे संशोधन वगैरे नव्हे, मास्तरची वही आहे. पण सुरुवातीच्या पानांवर तीन-चार वलयांचे तांबर आहेत, आणि अलीकडच्या पानांवर एक-दोन. म्हाताऱ्या माद्या जाळ्यातून संपल्या. अंडी त्याच जास्त घालतात.

करंट सोडून आणि जिलेटिन फोडून मासे मारण्याबद्दल काय लिहू? पाण्यात स्फोट आणि विष यांना १८९७ च्या कायद्यानंच मनाई केली. सव्वाशे वर्षं झाली. रात्री बॅटरी-इन्व्हर्टर घेऊन नदीत उतरणारे कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना पकडायला कुणी येत नाही हेही.

आता एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण हे पत्र वाचून कुणीतरी म्हणेल, बरं, मग स्थानिक मासा सोडू या, खडशी सोडू या. खडशी म्हणजे आपला महासीर. इंग्रज लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिलं तेव्हा त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नावांत घातली: खुद्री, कोलस, फुलुंगी, शिंगटी. आमच्या भोयांचे शब्द जगभरच्या पुस्तकांत आहेत आणि इथल्या सरकारी यादीत नाहीत, हा विनोद तुम्हीही चाखा. पण खडशीचा प्रपंच सावकाश. ती किलोमागे लाखांनी नव्हे, काही हजारच अंडी घालते, तीही हंगामात थोडी थोडी करून, स्वच्छ, खडकाळ, वाहत्या पाण्यात. वाढायला वर्षं घेते. अशा माशाचं बीज गढूळ बंधाऱ्यात ओतून काय होणार?

शिवाय कावेरीचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. लोणावळ्यात वाढवलेली खडशी चांगल्या हेतूनं तिथं सोडली गेली. ती रुजली, पसरली, आणि कावेरीचा स्वतःचा वशिंडवाला महासीर दिसेनासा होत गेला. त्या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली आणि तोवर तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत जायच्या लायकीचा झाला होता. अभ्यासकांनी कारणांत बाहेरून आणलेल्या खडशीकडेही बोट दाखवलं आहे. म्हणजे देशी मासा म्हटला तरी कुठल्या नदीचा, हे विचारावं लागतं. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या एका खानापूर तालुक्यात मलप्रभा उगवते आणि पूर्वेला जाते, म्हादई उगवते आणि पश्चिमेला जाते. मध्ये काही कोसांचं अंतर. एकीतला मासा उचलून दुसरीत टाकायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर कृपया तिथंच थांबवा.

बंदीच्या दिवसांबद्दल थोडक्यात: पावसाळ्यातली बंदी देशी कार्पांना ठीक आहे. पण सायप्रिनस, म्हणजे परदेशी कॉमन कार्प, जानेवारी-मार्चमध्येही साठलेल्या पाण्यात गवताला अंडी चिकटवतो, आणि तळ उकरून पाणी गढूळ करतो. त्याला नदीत आणून सोडायचं आणि वर संरक्षणही द्यायचं, हे मला कळत नाही. तो तळ्यात राहू दे.

आणि भाषेचं. ठेका, बंदी, अनुदान यांच्या नोटिसा चावडीवर फक्त कन्नडमध्ये लागतात. मी कन्नड वाचतो, माझा पुतण्या अडखळत वाचतो, त्याच्याबरोबरचे म्हातारे भोई अजिबात वाचत नाहीत. त्यांना दंड होतो तेव्हाच नियम कळतो. सीमावाद या पत्राचा विषय नाही, त्याला दुसरी पत्रं आहेत. पण ज्यांनी नियम पाळायचा त्यांना तो वाचता यावा, एवढं तरी मान्य व्हावं. नदीलाही दोन राज्यं आहेत. पाणी महाराष्ट्रातल्या काळम्मावाडी आणि पाटगाव धरणांतून सुटतं, बंधारे दोन्हीकडचे, आणि मासा मात्र एकाच प्रवाहात चढतो. इकडचे बरगे निघाले आणि तिकडचे राहिले, तर चढण कोसभर पुढं जाऊन पुन्हा थांबते.

तेव्हा मागणं असं आहे.

बरगे मे संपायच्या आत निघावेत. काढण्याची तारीख आणि जबाबदार माणसाचं पद बंधाऱ्यावर पाटी लावून लिहावं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या यंत्रणेशी बोलून एकाच आठवड्यात. बाकी काहीच जमलं नाही तरी हे एवढं करा. याला बीजाचा खर्चही नाही.

नदीच्या पुरात बीज ओतणं बंद करावं. कटला-रोहू-मृगल तळ्यांत आणि शेततळ्यांत सोडावेत. नदीसाठी याच खोऱ्यातला तांबर वाढवावा. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या मत्स्यसंशोधन केंद्रात दक्षिणी कार्पांवर काम झालेलं आहे, तज्ज्ञ राज्यातच आहेत, परदेशी जायला नको. मोठ्या जलाशयांत बोटुकली १०० मिलिमीटरची, आणि सोडताना गावातल्या दोन भोयांसमोर मोजून.

चिलापी आणि बंदी असलेला परदेशी मांगूर कुणाच्याही योजनेतून, कुठल्याही नावानं येऊ नये.

जाळ्याच्या आसाचा नियम जातीप्रमाणे ठरवून, चित्रासह, कन्नड आणि मराठी दोन्हीत चावडीवर लावावा. मच्छरदाणीवाल्याला एकदम दंड करू नका, एका हंगामात जुनं जाळं घेऊन योग्य आसाचं द्या. करंटवाल्याला मात्र पहिल्याच रात्री पकडा.

बंधाऱ्याच्या वर-खाली शंभर-शंभर पावलं चढणीच्या दिवसांत कुणीही जाळं लावू नये, हा नियम गावानं स्वतः पाळावा असं मी ग्रामसभेत मांडणार आहे. माझ्या घरातल्या गाभोळीचा उल्लेख तिथं कुणी केला तर ऐकून घेईन.

वाटल्यास माझी खवल्यांची वही घेऊन मी कार्यालयात येतो. भिंग शाळेचं आहे, मुख्याध्यापक देतात.

या पत्राची कन्नड प्रत सोबत जोडली आहे. भाषांतर सूनबाईंनी केलं, त्या धारवाडच्या. सगळं भराभर लिहीत गेल्या आणि 'चढण' या शब्दाशी अडल्या. शेवटी माहेरी फोन लावून त्यांच्या आजीला विचारलं. आजींनी शब्द सांगितला, आणि वर विचारलं की तुमच्याकडे अजून मासे चढतात का.

आपला,
दूधगंगेकाठचा एक निवृत्त विज्ञान शिक्षक